कापलेला कोपरा

आमच्या चर्चच्या मंडळीत आजारातून उठलेल्या माणसानं रविवारच्या उपासनेत साक्ष द्यायची पद्धत आहे. माइकसमोर उभं राहायचं, आपल्याला काय झालं होतं ते सांगायचं आणि प्रभूनं कसं बरं केलं ते सांगून आभार मानायचे. मीही दिली. "मला टीबी झाला होता. सहा महिने औषध घेतलं. आता बरी आहे. प्रभूचे आभार." एवढं बोलून मी खाली बसले. एरवी माझ्या हातात माइक आला की लोक घड्याळ बघायला लागतात, त्यामुळं बऱ्याच जणांना नवल वाटलं. ज्यांना वाटलं नाही त्यांना कारण माहीत होतं.

उरलेली साक्ष इथं लिहिते आहे. उद्या तुमच्यापैकी कुणाला डॉक्टरांनी समोर बसवून हेच सांगितलं, तर गोळ्यांचं काय ते डॉक्टर सांगतीलच. मी बाकीचं सांगते. गोड करून सांगणार नाही.

माझं नाव रेखा. नेरूळला राहते. नवरा विलास, तुर्भ्याच्या एका कंपनीतून रिटायर झालेला. मुलगा आणि सून पुण्याला. घरात आम्ही दोघं आणि वर्षातले तीन महिने माझी कार्डं.

परडी

नवीन वर्षाच्या पहिल्या सकाळी आमची उपासना संपली की दाराशी वेताची परडी घेऊन कुणीतरी उभं राहतं. परडीत कार्डं पालथी ठेवलेली असतात. प्रत्येक कार्डावर पवित्र शास्त्रातलं एकेक वचन. एकेकानं पुढं यायचं, डोळे मिटायचे, मनात छोटीशी प्रार्थना करायची आणि हाताला येईल ते कार्ड उचलायचं. ते आपलं त्या वर्षाचं वचन. लोक ते वर्षभर बायबलमध्ये ठेवतात, फ्रिजवर लावतात. रिक्षा चालवणारे आमचे एक भाऊ मीटरशेजारी चिकटवतात. हाताला आलं ते प्रभूनंच दिलं, असं आम्ही मानतो.

बऱ्याच ठिकाणी ही कार्डं प्रेसमधून छापून येतात. आमच्याकडे चौदा वर्षं मी ती हातानं करत होते. वाशीहून जाड हँडमेड कागद आणायचा, तो कापायचा. आमच्या सेक्टरच्या बागेतल्या बोगनवेलीच्या पाकळ्या जुन्या डिरेक्टरीत दाबून वाळवायच्या आणि कार्डाच्या एका अंगाला चिकटवायच्या. मग कट निबच्या पेनानं वचन लिहायचं. शंभराच्या वर कार्डं आणि एकासारखं दुसरं नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर आमचं डायनिंग टेबल माझ्या ताब्यात असायचं आणि विलास ताट मांडीवर घेऊन जेवायचा. त्याची तक्रार नव्हती. असली तरी ऐकायला मला वेळ नव्हता.

सरोज माझ्या मदतीला यायची. ती पलीकडच्या सेक्टरमध्ये राहते. मंडळीत आम्ही एकाच वर्षी आलो. कुठली वचनं घ्यायची त्याची यादी ती तिच्या वहीत करायची, मी लिहायची, ती पाकळ्या चिकटवायची. बारा वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमाराला तिचा नवरा अनिल झोपेतच गेला. त्यानंतरच्या नवीन वर्षाला तिनं परडीतून कार्ड उचललं, तर माणूस किती थोड्या दिवसांचा सोबती असतो, अशा अर्थाचं वचन आलं. ती तिथंच दाराशी मटकन बसली. पुढच्या वर्षी कार्डं करताना मान खाली घालून मला म्हणाली, "रेखा, या वर्षी मला काहीतरी बरं येऊ दे गं."

मी काय करणार होते? एक धीराचं वचन निवडलं आणि त्या कार्डाचा खालचा एक कोपरा कात्रीनं नखभर कापला. डोळे मिटलेले असले तरी बोटाला कळेल इतकाच, आणि सरोजला तेवढं सांगून ठेवलं. सकाळी सरोजनं परडीत हात घातला, बोटं दोन कार्डांवरून फिरली आणि तिसरं उचललं. वाचून तिनं माझ्याकडं बघितलं ते अजून आठवतं.

त्यानंतर दर वर्षी मी तिच्यासाठी एक कोपरा कापत आले. प्रभूच्या कामात ही चक्क लुडबुड होती, मला कळत होतं. पण या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही, विलासलासुद्धा नाही. परडीही दर वर्षी मीच धरली.

आईचं ताट

मी आजारी पडले त्या वर्षी नोव्हेंबरपासून मला खोकला होता. सुंठ झाली, आलं झालं, मध झाला, दोन बाटल्या सिरप झालं. संध्याकाळी अंगात कणकण असायची. ब्लाउज सैल झाले, तर सरोज म्हणाली, बारीक झालीस, छान दिसतेस. मीही खूश झाले. तोंडाला पदर लावून खोकायचे आणि कार्डं लिहायचे. नवीन वर्षाची परडीही मीच धरली.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी दात घासताना बेसिनमध्ये रक्त पडलं. एक्स-रे झाला, थुंकी तपासली. महापालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई माझ्या सुनेच्या वयाच्या होत्या. त्यांनी रिपोर्ट वाचला, मास्क नाकावर नीट केला आणि सांगितलं. विलासनं "नक्की?" असं तीनदा विचारलं. तिन्ही वेळा त्या न चिडता हो म्हणाल्या.

मला त्या क्षणी मरण आठवलं नाही. मला माझ्या आईचं ताट आठवलं. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी तिला हाच आजार झाला होता. तेव्हा तिचं ताट घरातल्यांनी वेगळं केलं. पोचा आलेलं ताट होतं ते, पडवीत वेगळ्या खिळ्याला टांगलेलं असायचं. ती अंगणात जेवायची. मी नऊ वर्षांची होते. भाकरी वाढून ते ताट तिच्याकडं हातभर लांबून सरकवायचं काम माझं होतं. आई एकदा म्हणाली, "अजून जवळ आलीस तरी चालंल." मी गेले नाही.

डॉक्टरबाईंनी समजावलं की हा आजार खोकल्यातून हवेत पसरतो. ताटावाटीनं नाही, कपड्यानं नाही, हात लावलेल्या वस्तूनं नाही. खिडक्या उघड्या ठेवा, मास्क लावा, औषध चुकवू नका, काही आठवड्यांनी तुमच्यापासून कुणाला धोका राहणार नाही. माझ्या डोक्याला हे पटलं. मनाला पटायला फार वेळ लागला.

मग त्यांनी विचारलं की रोज तास न् तास माझ्याजवळ कोण बसतं, त्यांची तपासणी करायला हवी. मी दोन नावं सांगितली. विलास आणि सरोज.

मंगळवार ते शनिवार

विलासचा एक्स-रे चांगला आला. घरी येऊन आम्ही ठरवलं की डॉक्टर हो म्हणेपर्यंत मी उपासनेला जायचं नाही आणि लोकांना छातीत कफ झालाय एवढंच सांगायचं. सरोजला मात्र खरं सांगणं भाग होतं.

मंगळवारी सकाळी मी तिला बागेत बोलावलं. मी एका बाकावर, ती पलीकडच्या. मास्कमधून सांगितलं. ती रडली. मी तिला आईच्या ताटाचंही सांगितलं, जे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. म्हटलं, सरोज, मला फक्त एवढंच नकोय. ती म्हणाली, "तू टेन्शन घेऊ नको. माझ्या पोटातून हे ओठावर येणार नाही." गुरुवारी तिचाही रिपोर्ट चांगला आला आणि मी गुडघे टेकून आभार मानले.

शनिवारी आमच्या महिला मंडळाची प्रार्थना असते. रविवारी दुपारपासून माझा फोन वाजायला लागला. एकीनं सांगितलं की तिनं माझ्यासाठी उपास धरलाय. दुसरी म्हणाली, घाबरू नका, हल्ली टीबी बरा होतो. तिसरीनं विचारलं की तिच्या नातवानं माझं कार्ड तोंडात घातलं होतं, त्याला काही होईल का.

झालं होतं असं. प्रार्थना विनंत्या मागायची वेळ आली तेव्हा सरोज उभी राहिली आणि म्हणाली की आपल्या एका बहिणीला टीबी झालाय, मी नाव घेत नाही, पण जिच्या हातची वचनं आपण सगळ्यांनी घरी नेलीत तिच्यासाठी कळकळीनं प्रार्थना करा.

मी तिला फोन लावला. तिचा आवाज इतका निर्मळ होता की मी आधी गोंधळले.

"मी नाव घेतलं नाही, रेखा."

"कार्डं करणारी मंडळीत दुसरी कोण आहे?"

"अगं, मी तुझ्यासाठी प्रार्थना मागितली. प्रार्थनेशिवाय तू बरी कशी होणार?"

"गोळ्यांनी," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं मंडळीतल्या बायका तिच्याबद्दल पूर्वीपासून म्हणायच्या. मी त्यांच्याशी भांडायचे. चहाडी केली असती तर मला तिच्याशीही भांडता आलं असतं. पण तिनं प्रार्थना मागितली होती. प्रार्थनेवरून भांडणारी बाई कशी दिसते ते मला माहीत होतं, म्हणून मी गप्प बसले. मी तिचं गुपित अकरा वर्षं पोटात ठेवलं होतं. तिनं माझं मंगळवार ते शनिवार.

खिडकी, गोळ्या आणि हिराबाई

आता रोजचं सांगते, कारण हेच खरं आजारपण असतं. सकाळी उपाशी पोटी गोळ्या. त्यानंतर तासभर अशी मळमळ की चहाचा वास नको. लघवी केशरी होते, मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, मी किंचाळून विलासला बोलावलं. खिडक्या उघड्या, त्यामुळं घरात डास. विलास हॉलमध्ये झोपायचा, मी आत. मधलं दार बंद.

विलासनं माझं ताट वेगळं केलं नाही. पण मी बाथरूममधून बाहेर आले की तो दाराच्या कडीवर हळूच सॅनिटायझर मारायचा. एकदा मी लगेच परत फिरले आणि तो बाटलीसकट सापडला. त्या संध्याकाळी त्यानं मुगाची खिचडी केली आणि मी ती खाल्ली. छत्तीस वर्षांच्या संसारात त्यानं पहिल्यांदा खिचडी केली होती आणि मीठ घालायला विसरला होता. मी त्याला सांगितलं नाही.

गोळ्या आणायला आरोग्य केंद्रात जायचे. तिथं बाहेरच्या बाकावर जवळच्या सारसोळे गावची हिराबाई भेटायची. मासळी विकणारी, माझ्याच वयाची, माझाच आजार, माझ्यापेक्षा दोन महिने पुढं. पहिल्याच दिवशी तिनं मला काय झालंय ते विचारलं, स्वतःचं सांगितलं आणि अंडी कशी खायची ते शिकवलं. सगळं मोठ्यानं. अख्खी रांग ऐकत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढं पुढं मी तिच्या त्या मोठ्या आवाजाची वाट बघायला लागले.

एकदा पर्समधून औषधाचं कार्ड काढताना माझं एक वचनाचं कार्ड खाली पडलं. हिराबाईनं ते उचललं, पाकळीवरून बोट फिरवलं आणि मी केलंय कळल्यावर म्हणाली, "मना पन एक दे गो. काय लिवलंय त्यान?"

मी सांगितलं की देव एकटं टाकणार नाही, अशा अर्थाचं आहे.

"मंग आमचे एकवीराआयचे बाजूला लावीन. आय काय रागवाची नाय."

मी आधी मास्क नीट केला आणि तिला म्हटलं की बाई, हे माझ्या हातचं आहे, मी ते खोकत असताना केलंय. ती हसली. म्हणाली की मी पन खोकतच मासं इकलं. ते कार्ड ती ब्लाउजमध्ये घालून घेऊन गेली. त्या वर्षात माझं कार्ड कुणी मागून नेलं ते एवढंच.

"म्या नाही दिलं"

मार्चमध्ये सोनवणे आजींचा फोन आला. आमच्या मंडळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या, त्याही नगरकडच्या. तब्येतीची चौकशी केली आणि शेवटी म्हणाल्या, "बाई, तुझं कार्ड म्या काय दिलं नाही बरं का."

मी विचारलं, कुठं दिलं नाही?

आजी गडबडल्या. त्यांना वाटलं होतं, मला माहीत आहे. मग थोडं थोडं करून त्यांच्याकडून कळलं. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी चर्चच्या दाराशी एक कापडी पिशवी टांगली होती. लोकांनी माझी कार्डं त्यात आणून टाकायची आणि त्याच वचनाचं छापील कार्ड घेऊन जायचं. वचनांची यादी तयारच होती, सरोजच्या वहीत. प्रेसमध्येही तीच गेली होती. देवाचं वचन केरात टाकता येत नाही, जाळता येत नाही, म्हणून पिशवी. वचन प्रभूचं, ते लोकांनी ठेवून घेतलं. कागद माझा, तो परत केला.

मी फोन ठेवून हॉलमध्ये आले. विलास पेपर वाचत होता.

"तू जातोस ना दर रविवारी? पिशवी बघितली होतीस?"

त्यानं पेपर खाली केला नाही. त्यावरूनच कळलं. दोन महिने पठ्ठ्यानं ताकाला तूर लागू दिली नव्हती.

"तुला सांगून काय मिळालं असतं?" तो म्हणाला.

"तू काय बोललास तिथं?"

तो काही बोलला नव्हता. त्या पिशवीशेजारून आत गेला होता, बसला होता, गाणी म्हटली होती आणि घरी येऊन मला उपदेश छान झाला म्हणून सांगितलं होतं. मी त्याला त्या दिवशी जे बोलले ते इथं लिहीत नाही. तो ऐकून घेत राहिला. शेवटी म्हणाला, "भीती वाटली. आपल्याला मंडळीशिवाय कोण आहे?" हे खरं होतं आणि त्यामुळंच मला जास्त राग आला.

प्रभूवर राग होता का, असं मला नंतर आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी विचारलं. राग माणसांवर होता. पण माणसं त्याचीच, म्हणून थोडा त्याच्यावरही. प्रार्थना मी सोडली नाही. फक्त बरेच दिवस तिच्यात आभार नव्हते, तक्रारीच होत्या. आणि अंगणातली आई दिसायची, हात पुढं केलेली. एवढी वर्षं मला वाटायचं की मी लहान होते, मला कळत नव्हतं. आता कळलं की तिला कसं वाटलं असेल. हे कळून घ्यायची मला काही हौस नव्हती.

संत्री

एप्रिलमध्ये सरोज आली. पुनरुत्थानाचा रविवार, म्हणजे ईस्टर, नुकताच झाला होता. तोवर माझ्यापासून कुणाला धोका नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, पण उपासनेला जायला माझे पाय उठत नव्हते. ती दाराशीच खुर्ची ओढून बसली. संत्री आणली होती.

म्हणाली की लोक फार घाबरले होते. कुणी कार्डं फाडली असती, कुणी जाळली असती. म्हणून तिनं पिशवीची कल्पना काढली, निदान वचनांचा अपमान व्हायला नको. आणि माझ्या कार्डांचाही. मी म्हटलं, माझ्या कार्डांचा अपमान कसा असतो ते एकदा समजावून सांग. ती रडायला लागली. ती रडली की मला पूर्वीपासून काही सुचत नाही.

जाताना चपला घालता घालता तिनं वळून सांगितलं, "माझं कार्ड मी टाकलं नाही हं. बायबलमध्येच आहे. कोपरा कापलेलं."

खरं सांगते, त्या एका वाक्यावर मी तिला अर्धी माफ करून टाकली. लोकांच्या भीतीपुढं झुकली, पण आपलं कार्ड तिनं ठेवलं, हे माझ्यासाठी खूप होतं. मी संत्रं सोललं आणि खाल्लं. कित्येक दिवसांनी तोंडाला चव लागली.

पिशवी

जुलैअखेर औषध संपलं. तपासणी झाली. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट वाचला आणि या वेळी मास्क खाली करून हसल्या. ऑगस्टमध्ये मी ती लहानशी साक्ष दिली.

त्याच आठवड्यात पाळकसाहेब घरी आले. हातात ती कापडी पिशवी होती. इतके महिने ती चर्चच्या कपाटावर पडून होती, कुणी हात लावत नव्हतं, कुणी टाकतही नव्हतं. ते म्हणाले, "मी तेव्हाच थांबवायला पाहिजे होतं. लोकांची मनं शांत राहावीत म्हणून गप्प बसलो. माझं चुकलं." चुकलं, एवढं सरळ मला दुसरं कुणी म्हणालं नव्हतं. त्यांनी पुढं विचारलं की येत्या वर्षाची कार्डं मी करीन का. मी म्हटलं, सांगते.

ते गेल्यावर मी पिशवी टेबलावर रिकामी करायला घेतली. वरून एकेक मूठ काढत गेले. पाकळ्यांचा रंग उडाला होता. काहींवर लोकांनी आपली नावं लिहिली होती, म्हणजे बदली कार्ड देताना गोंधळ नको. एकावर मुलाचे दात उमटले होते. रिक्षावाल्या भाऊंचं कार्ड होतं, मागं चिकटपट्टीसकट. प्रत्येक कार्ड कुणाचं ते मला कळत होतं आणि वाटलं होतं त्यापेक्षा मनाला कमी लागत होतं. सवय झाली होती.

सोनवणे आजींचं त्यात नव्हतं. त्यांनी शब्द पाळला होता, जो त्यांनी कुणाला दिलाही नव्हता.

शेवटी पिशवी उलटी करून झटकली. तळाशी अडकलेलं एक कार्ड टेबलावर पडलं. मी ते उचललं आणि बोटाला आधी कळलं. कोपरा कापलेला होता.

पिशवीत जे पहिलं पडतं ते तळाशी जातं. लोक बिचकत होते, तेव्हा पिशवी टांगून सरोजनं सगळ्यांसमोर आपलं कार्ड आधी टाकलं होतं. तिनं टाकल्यावर बाकीच्यांनी टाकलं.

विलास आतून विचारत होता की पाळकसाहेबांनी चहा घेतला का. मी हो म्हटलं. ते कार्ड मी कुणाला दाखवलं नाही. रडले नाही, कारण रडायला तरी थोडी आशा लागते.

परत परडी

कार्डं मी केली. का केली, असं मला मुलानं फोनवर विचारलं. एक तर ते काम माझं आहे. लोकांनी कागद परत केला म्हणून मी हात का परत करू? दुसरं म्हणजे हिराबाईनं तिच्या तिन्ही सुनांसाठी मागितली होती. या वेळी सरोज आली नाही, मी बोलावलं नाही. वचनांची यादी मीच केली. विलास पाकळ्या चिकटवायला बसला. वाकड्या चिकटवतो, पण बसतो. पिशवीवरून आमच्यात झालं ते काही पूर्ण मिटलेलं नाही. तो प्रयत्न करतो आणि मला ते दिसतं, एवढंच.

नवीन वर्षाच्या सकाळी मी दाराशी परडी घेऊन उभी राहिले. लोक येत होते. काही जणांनी माझ्या नजरेला नजर दिली नाही, पण कार्डं उचलली. कार्ड तोंडात घालणाऱ्या नातवाची आजी म्हणाली की छापील कार्डात ती मजा नव्हती. मी हसले. रिक्षावाले भाऊ फक्त "सॉरी, ताई" म्हणाले आणि पुढं गेले.

मग सरोज आली. नवी साडी, डोक्यावर पदर. माझ्याकडं बघून ओळखीचं हसली, दर वर्षी हसायची तसंच. त्या हसण्यात आमचं दोघींचं अकरा वर्षांचं गुपित होतं. तिनं डोळे मिटले आणि परडीत हात घातला.

या वर्षी कात्रीनं मी फक्त कागद कापला होता, कोपरा नाही. आदल्या दिवशी दुपारी एक धीराचं वचन हातात घेऊन मी बराच वेळ बसले होते. कात्रीही उचलली होती. पण हात पुढं गेला नाही.

तिची बोटं पहिल्या कार्डाच्या कोपऱ्यावरून फिरली. दुसऱ्याच्या. तिसऱ्याच्या. मग वरची कार्डं बाजूला सारून खालची चाचपायला लागली. डोळे अजून मिटलेले होते, पण कपाळावर आठी आली होती. मागं रांग थांबली. सोनवणे आजी काठी टेकत म्हणाल्या, "सरोज, उचल की बाई. सगळी प्रभूचीच हायेत."

तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडं बघितलं. तिला कळलं होतं. मला वाईट वाटलं, नाही कसं म्हणू? तिनं हाताखाली होतं ते कार्ड उचललं, सगळ्यांसारखं, आणि न वाचताच मुठीत धरून पायऱ्या उतरली.

मी परडी आजींच्या पुढं धरली.